कपाळावरची रेघ

मूल जन्मले की सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. कवटीवरच्या नागमोडी शिवणी म्हणजेच ते लिखाण, असेही एखादा जुना माणूस सांगेल. शरीरशास्त्र याच शिवणींकडे निराळ्या नजरेने पाहते. जन्मतः माणसाच्या कपाळाची हाडे दोन असतात आणि मधोमध उभी शिवण असते. साधारण दुसरे वर्ष सरेपर्यंत ती भरून येते आणि कपाळ एकसंध होते. थोड्या माणसांत मात्र ती म्हातारपणापर्यंत तशीच राहते, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

माणसात ही रेघ राहिली काय आणि बुजली काय, त्याच्या कुळाबद्दल त्यावरून काही ठरत नाही. सापसुरळीत ठरते. युरोपातल्या सापसुरळ्यांच्या कवट्या समोर मांडल्या तर त्यांची दोन घराणी पडतात आणि त्यांतली पहिली खूण ही कपाळावरची रेघच आहे. ही गोष्ट पॅरिस, व्हिएन्ना आणि लंडनच्या संग्रहालयांतल्या माणसांना कशी उमगत गेली, याचा माग मी गेली काही वर्षे काढतो आहे. मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. वाणिज्याची पदवी आणि हिशेबतपासनिसाची नोकरी, एवढेच माझे भांडवल. जर्मन भाषा शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो, तीही हाडांची नावे वाचता येण्यापुरती. पण ताळेबंदात न जुळणारी रक्कम शोधण्याची सवय या कामात फार उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

आधी प्राण्याची ओळख. आपल्याकडे पाचोळ्यातून सळसळत जाणारी, काशाच्या भांड्यासारखी चकाकणारी सापसुरळी सगळ्यांनी पाहिलेली असते. कुणी तिला सापाची मावशी म्हणतात आणि उगाच घाबरतात. ती बिनविषारी आहे. युरोपात तिचे भाऊबंद मोजकेच, आणि तेही बहुतेक भूमध्य सागराच्या काठाने. सिसिली, सार्डिनिया, माल्टा आणि ग्रीसमध्ये आढळणारी ठिपकेदार कॅल्किडीस ओसेलेटस. स्पेन-पोर्तुगालमधली कॅल्किडीस बेद्रियागाय. इटलीतली कॅल्किडीस कॅल्किडीस आणि स्पेन व दक्षिण फ्रान्समधली कॅल्किडीस स्ट्रायेटस. या शेवटच्या दोघींचे अंग सापासारखे लांब आणि पाय इतके बारीक, की असून नसल्यासारखे. त्यांना बोटेही तीनच. ग्रीसमध्ये एक ओफिओमोरस आहे, तिला पाय मुळीच नाहीत. पूर्व एजियन समुद्रातल्या काही बेटांवर हेरेमायटीस आहे. आणि ग्रीसपासून थेट हंगेरी-स्लोव्हाकियापर्यंत पोचलेली इवलीशी अब्लेफेरस किताइबेली आहे. हिची पापणी पारदर्शक होऊन डोळ्यावर कायमची बसलेली असते, म्हणून नजर सापासारखी वाटते. धड जेमतेम पाच सेंटिमीटर. कवटी करंगळीच्या नखावर मावेल.

या प्राण्यांना नावे मिळाली त्याची कथा हाडांइतकीच वाचनीय आहे. कॅल्किडीस ओसेलेटसचे वर्णन पेटर फोर्सकॉल या लिनियसच्या शिष्याने इजिप्तमध्ये केले. डेन्मार्कच्या राजाने 1761 मध्ये अरबस्तानात जी शोधमोहीम पाठवली तिच्यात तो होता. 1763 च्या जुलैमध्ये येमेनमध्ये तापाने तो गेला. त्याच्या आधी एक सोबती गेला होता, मागून आणखी दोघे समुद्रात गेले, आणि मोहिमेचा डॉक्टर क्रामर पुढच्या वर्षी आपल्या मुंबईत गेला. उरला एकटा कार्स्टन नीबूर. तोही मुंबईत वर्षभराहून अधिक राहिला, घारापुरीची लेणी त्याने मोजली, त्यांची चित्रे काढली. घारापुरीच्या अभ्यासकांना नीबूर या चित्रांमुळे माहीत असतो. त्यानेच डेन्मार्कला परतल्यावर मृत मित्राची टिपणे 1775 मध्ये छापून आणली आणि त्यांतूनच या सापसुरळीला नाव मिळाले, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

अब्लेफेरस आणि ओफिओमोरस यांची नावे युद्धाच्या पाठीवर आली. ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या अखेरीस फ्रान्सने मोरिया प्रांतात, म्हणजे पेलोपनीजमध्ये, सैन्य पाठवले आणि त्यामागोमाग 1829 मध्ये शास्त्रज्ञांचे पथक. पथकप्रमुख होता बोरी द सँ-व्हँसाँ. त्याने आणि पॅरिसच्या संग्रहालयातल्या तरुण गाब्रिएल बिब्राँने 1833 मध्ये दोन्ही प्राण्यांची वर्णने छापली. छोटीला त्यांनी पाल किताइबेल या हंगेरियन वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव दिले. टेल्युरियम हे मूलद्रव्य ज्याने दुसऱ्या कुणाच्या आधाराशिवाय शोधून काढले आणि ज्याच्या आधी ते दुसऱ्यानेच शोधलेले निघाले, तोच हा किताइबेल. मूलद्रव्य हातचे गेले, पण सापसुरळी मिळाली.

बिनपायाच्या ओफिओमोरसला मात्र त्यांनी ॲन्ग्विस या गटात घातले. ॲन्ग्विस म्हणजे युरोपभर दिसणारा बिनपायाचा सरडा. तो सापसुरळ्यांच्या कुळातला नाही. पाय नाहीत, अंग लांब, खवले गुळगुळीत, तेव्हा ही वर्गवारी त्या काळाला धरूनच होती. पण सहाच वर्षांत, 1839 मध्ये, द्युमेरिल आणि त्याच बिब्राँने या प्राण्याला तिथून उचलून स्वतंत्र प्रजाती केली आणि सापसुरळ्यांत आणून बसवले. बाहेरून दिसणारे रूप बाजूला ठेवून अवयवांची रचना पाहायला लागले की असे होते.

ही रचना पाहायची रीत पॅरिसमध्येच घडत होती. क्युव्हिएने 1824 मध्ये जीवाश्मांवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटच्या खंडात सरपटणाऱ्यांच्या हाडांचे सविस्तर वर्णन केले. त्याचे म्हणणे, हाड त्याच्या कामावरून समजते: दात पाहा, जबडा पाहा, म्हणजे प्राणी काय खातो ते कळेल. त्याचा सहकारी जोफ्रुआ सँ-इलेर याने 1818 मध्येच वेगळा नियम मांडला होता. हाडाचा आकार बदलतो, काम बदलते, क्वचित हाड नाहीसेही होते, पण कोणते हाड कोणाला लागून आहे हा शेजार सहसा बदलत नाही. म्हणून हाड ओळखायचे ते शेजारावरून. 1830 मध्ये दोघांचे अकादमीत जाहीर भांडण झाले आणि क्युव्हिए जिंकला, असे बहुतेक पुस्तके सांगतात. कवट्यांचे वाङ्मय वाचल्यावर मला मात्र वाटते, की रोजच्या कामात जिंकला तो जोफ्रुआ. गावात पत्ता सांगताना आपणही घराचा रंग सांगत नाही. देवळाला लागून, पाटलांच्या वाड्यामागे, असेच सांगतो.

या नियमाचे फळ केवढे मोठे निघाले, त्याचे एकच उदाहरण देतो. सरड्याचा खालचा जबडा कवटीला एका उभ्या हाडाने जोडलेला असतो. त्याला क्वाड्रेट म्हणतात. 1837 मध्ये रायखर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने भ्रूणांचा अभ्यास करून दाखवले, की सस्तन प्राण्यांत हे हाड जबडा सोडून कानात गेले आहे. आपल्या मधल्या कानातली ऐरण म्हणजे सरड्याचे क्वाड्रेट, आणि हातोडी म्हणजे त्याच्या खालच्या जबड्याचे टोकाचे हाड. गाउप या शरीरशास्त्रज्ञाने 1913 मध्ये या सिद्धान्ताची सविस्तर मांडणी करून तो पक्का केला. म्हणजे हे वाचताना शेजारी फटाका वाजला तर तो तुम्ही ज्या हाडांनी ऐकाल, त्या हाडांनी सापसुरळी किडा पकडते.

पण शेजारावरून ओळख पटवणे सोपे नव्हते. सरड्याच्या कवटीच्या मागच्या कोपऱ्यात, क्वाड्रेटच्या वर, दोन छोटी हाडे एकमेकांना चिकटून असतात. यांतले आपल्या कानशिलाच्या हाडाशी जुळणारे कोणते, यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे रण माजले ते वाचताना डोके गरगरते. एकाने ज्याला एक नाव द्यावे त्याला दुसऱ्याने नेमके त्याच्या शेजाऱ्याचे नाव द्यावे. गाउपने वैतागून की काय, एकाला पॅराक्वाड्रेट हे तिसरेच नाव दिले. त्यामुळे जुना निबंध वाचताना आधी एका कागदावर तक्ता करावा लागतो: या लेखकाचे अमुक म्हणजे त्या लेखकाचे तमुक. माझ्याकडे असा तक्ता आहे, दोन्ही बाजूंनी भरलेला. गावकीतल्या जमिनीचे जुने उतारे ज्यांनी वाचले आहेत त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही.

या गोंधळाच्या ऐन मध्यावर, 1892 मध्ये, व्हिएन्नाच्या राजेशाही निसर्गेतिहास संग्रहालयाच्या वार्षिकात फ्रीडरिख झीबेनरॉक याचा निबंध आला. सापसुरळ्या आणि त्यांची आणखी दोन नातलग कुळे यांच्या डोक्याच्या सांगाड्यावर. झीबेनरॉक पुढे कासवांचा तज्ज्ञ म्हणून नावाजला आणि हा निबंध मागे पडला. मला मात्र तो या साऱ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज वाटतो. त्यात सिद्धान्त नाही, ललित भाषा नाही. एक हाड घ्यायचे, ते कुणाला कुठे टेकले आहे ते सांगायचे, त्यात छिद्रे किती, कड कुठे वळते, आणि मग तेच हाड पुढच्या प्राण्यात. पानामागून पान. चांगला पंचनामा असाच असतो.

झीबेनरॉकला ज्या अडचणी आल्या असतील त्यांची कल्पना मला एका मेलेल्या सापसुरळीमुळे आली. विहिरीच्या कठड्याखाली मुंग्यांनी साफ केलेली तिची कवटी मिळाली आणि मी ती घड्याळजीच्या भिंगाखाली धरली. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. सापसुरळ्यांच्या खवल्यांखाली हाडांचे पत्रे असतात, आणि प्रत्येक पत्राही एकाच तुकड्याचा नसून अनेक बारीक तुकड्यांचा, फरशीच्या नक्षीसारखा जुळवलेला. ही त्यांच्या कुळाची पक्की खूण. बुलंझेने 1880 च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या सरड्यांची सूची केली तेव्हा या पत्र्यांतल्या सूक्ष्म नळ्यांची मांडणी कुळाचे लक्षण म्हणून वापरली होती. डोक्यावर हे पत्रे कवटीला असे बसलेले असतात, की खालच्या शिवणी झाकून जातात. कवटी उलटी केली, मेंदूच्या बाजूने पाहिले, की मग खरे कपाळ दिसते. माझ्या हातातले कपाळ एकसंध होते. रेघ नव्हती.

आता त्या दोन घराण्यांकडे येतो. 1970 मध्ये ॲलन ग्रीअर या अभ्यासकाने जगभरच्या सापसुरळ्यांच्या कवट्या पाहून त्यांची उपकुळे पाडली. एका मोठ्या गटात कपाळाची दोन्ही हाडे सांधून एक झालेली असतात आणि टाळूची हाडे मधोमध एकमेकांना भिडलेली. दुसऱ्या गटात कपाळ दुभंगलेले राहते आणि टाळूच्या हाडांमध्ये फट असते. युरोपापुरते पाहिले तर अब्लेफेरस आणि हेरेमायटीस पहिल्या गटात पडतात. कॅल्किडीसच्या साऱ्या जाती आणि बिनपायाची ओफिओमोरस दुसऱ्या. म्हणजे हंगेरीतल्या गवतात राहणारी ती इवली अब्लेफेरस शेजारच्या कॅल्किडीसपेक्षा माझ्या विहिरीवरच्या सापसुरळीला जवळची आहे. महाराष्ट्रातली नेहमीची सापसुरळी याच एकसंध कपाळाच्या घराण्यातली.

इथे एक बारकावा आहे आणि तो ध्यानात न घेता पुष्कळ भांडणे झाली. कपाळ सांधले जाणे ही नवी गोष्ट, दुभंगलेले राहणे ही जुनी. नवी खूण ज्यांच्यात सारखी दिसते ते एका घरचे असण्याचा संभव मोठा. जुनी खूण ज्यांनी फक्त टाकली नाही, ते एकमेकांचे जवळचे असतीलच असे नाही. दोन घरांत पणजीच्या पणजीची तांब्याची घागर निघाली, म्हणून ती सख्खी चुलत घरे ठरत नाहीत. पुढे डीएनएचे अभ्यास झाले तेव्हा हेच घडले. एकसंध कपाळाचा गट टिकला. दुभंगलेल्या कपाळाचा गट मात्र एकजिनसी घराणे म्हणून टिकला नाही.

1892 या सालाशी मी पुन्हा येऊन थांबतो, कारण त्याच सुमारास कवटी आणि चेहरा मोजण्याचा आणखी एक उद्योग आपल्या देशात जोरात चालू होता. हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याचे बंगालच्या जाती-जमातींवरचे खंड 1891-92 मध्ये निघाले. नाकाची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण काढायचे आणि त्यावरून माणसाची जात समाजाच्या उतरंडीत कुठे बसते ते सांगायचे, हा त्याचा खाक्या. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा जवळजवळ नियमच त्याने सांगितला. पुढे 1901 च्या जनगणनेचा तो आयुक्त झाला. झीबेनरॉक ज्या इमारतीत सरड्यांची हाडे पाहत होता तिथेही माणसांच्या कवट्यांचा मोठा संग्रह होताच. दोन्ही उद्योगांना त्या काळी एकच प्रतिष्ठेचे नाव होते: विज्ञान.

या दोहोंतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. झीबेनरॉक हाड कुणाला लागून आहे ते पाहतो. रिस्ले किती लांब-रुंद आहे ते पाहतो. शेजार एकतर असतो किंवा नसतो. लांबी-रुंदी मात्र एका जातीतल्या दोन भावांतही वेगळी भरते. मग सरासरी काढावी लागते, आणि सरासऱ्यांची रांग कोणत्या क्रमाने लावायची ते रांग लावणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेले असते. सरड्यांच्या अभ्यासातही नुसत्या मापांवर विसंबून केलेल्या जाती पुढे धडाधड रद्द झाल्या, पण त्यात कुणा सरड्याचे पाणी तुटले नाही. माणसांबाबत तसे म्हणता येत नाही.

रिस्लेच्या आकड्यांचा हिशेब आपल्याच माणसांनी तपासला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1932 च्या आपल्या ग्रंथात तीच मापे पुन्हा मांडून दाखवले, की ही उतरंड देशभर जुळत नाही. आणि 1948 मध्ये अस्पृश्यांच्या मुळाविषयी लिहिताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घुर्यांचे आकडे घेऊन रिस्लेच्या पायाखालची सतरंजीच ओढली: मापेच प्रमाण मानायची तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, वेगळ्या वंशाचे नव्हेत. बाबासाहेबांचा हा युक्तिवाद वाचताना माझ्यातला हिशेबतपासनीस दर वेळी खूश होतो. समोरच्याचीच वही, समोरच्याचीच बेरीज, आणि निष्कर्ष उलटा.

सरड्यांकडे परततो. एवढ्या बारीक हाडांचा उपयोग काय, असे मला लोक विचारतात. उपयोग गुहांत आणि खाणींत आहे. जीवाश्मांत सरड्याचा सबंध सांगाडा क्वचित मिळतो. माती चाळणीतून धुतली की हाती लागतो तो जबड्याचा तुकडा, एखादे कपाळ, टाळूचा एक चतकोर. त्यावरून त्या ठिकाणी कोणता सरडा राहत होता, म्हणजेच तेव्हा तिथे हवा किती उबदार होती, हे सांगायचे असते. समजा दोन मिलिमीटरचे एकसंध कपाळ मिळाले. ते अब्लेफेरसचे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण पालीचे कपाळही एकसंधच असते. मग हाड उलटे करायचे: पालीत त्याच्या दोन्ही कडा खाली वळून एकमेकींना मिळतात आणि नळी तयार होते, अब्लेफेरसमध्ये खालची बाजू उघडी राहते. असा एकेक शेजारी विचारत जायचे.

आणि तुलना करायला आजच्या प्राण्यांचे सांगाडे हवेत, ते फार थोडे. संग्रहालयांत सापसुरळ्या असतात त्या बरणीत, मद्यार्कात. कवटी हवी तर तो नमुना फोडावा लागतो, आणि दीडशे वर्षांपूर्वी कुणी जिवावर उदार होऊन आणलेला नमुना फोडायला कोणता संग्रहपाल धजेल? त्यामुळे कित्येक जातींच्या बाह्यरूपाची वर्णने पानोपानी आहेत आणि आतल्या हाडांबद्दल चार ओळी. इटलीत कापुतो यांनी 2004 मध्ये कॅल्किडीसच्या कवट्या आणि दातांचा अभ्यास छापला. तुरीनच्या आंद्रेआ व्हिला आणि मास्सिमो देल्फिनो यांनी 2019 मध्ये युरोपातल्या सरड्यांच्या कवट्यांचा सुमारे शंभर पानांचा तौलनिक सचित्र कोश लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात दिला. हाडामागून हाड, प्राण्यामागून प्राणी. मी तो पहिल्यांदा चाळला तेव्हा झीबेनरॉकची वही कुणीतरी पुढे लिहायला घेतली आहे, असेच वाटले. आता क्ष-किरणांनी बरणीतल्या प्राण्याची कवटी न फोडता पडद्यावर फिरवून पाहता येते, म्हणून हे काम पुढे वेगाने होईल.

ओफिओमोरसच्या बाबतीत ते व्हायलाच हवे. जमिनीत घुसून राहणाऱ्या प्राण्यांची डोकी एकमेकांसारखी होत जातात. नाकाड पाचरीसारखे, डोळे लहान, कवटी लांबट. गरजेने आलेले साम्य कोणते आणि रक्ताने आलेले कोणते, हा 1833 मध्ये पडलेला प्रश्न अशा प्राण्यांबाबत पुन्हा पुन्हा पडतो. त्यातून या प्रजातीचा पसाराही विलक्षण आहे. ग्रीसपासून ती तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत थेट आपल्या थरच्या वाळवंटापर्यंत येते. 2018 मध्ये तुर्कस्तानातली ओफिओमोरस ग्रीसच्या जातीपासून वेगळी काढण्यात आली. राजस्थानच्या वाळवंटातली ओफिओमोरस रायथमाय वाळूत माशासारखी पोहते. तिला छोटे पाय आहेत, ग्रीसमधलीला नाहीत. कपाळ दोघींचेही दुभंगलेलेच आहे.